मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा 2025 चा हंगाम कोणते खेळाडू वर नेऊ शकतील?

तुमची मुलगी यंदा अ‍ॅन आर्बरला शिकायला गेली आहे, फोनवर सारखी ‘अंडरवूड आलाय, आता बघाच’ म्हणते, आणि या नव्या क्वार्टरबॅकशिवाय (डाव चालवणारा, पास फेकणारा गडी) आणखी कोणाकडे लक्ष ठेवावं असं तुम्ही विचारलंय. अंडरवूडच्या पुढ्यात जे पाच जण वाकून उभे असतात, त्यांच्याकडे ठेवा. त्यांना लाइन म्हणतात: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. जिओव्हानी एल-हादी, ग्रेग क्रिपन, इव्हान लिंक ही नावं मुलीला विचारून बघा. तिला ती माहीत नसतील तर तिने अजून टीम पाहिलेलीच नाही, नुसता बॉल पाहिलाय.

हे जरा तोडून लिहिलं, पण हा विषय माझ्या घरातला आहे. (2025 चा हंगाम सुरू व्हायच्या आधी लिहितोय.)

आम्ही कँटनला राहतो. ब्राइस अंडरवूड ज्या बेलव्हिलचा, ते आमच्या शेजारचं गाव. देशातला पहिल्या क्रमांकाचा शाळकरी खेळाडू, आधी एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) शब्द दिलेला, तो नोव्हेंबर 2024 मध्ये मिशिगनकडे वळला तेव्हा इथे सण असल्यासारखं वातावरण होतं. मलाही आनंद झाला. पण त्याच आठवड्यात माझ्या साडूंचा कोलंबसहून (आमच्या कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटचं गाव) फोन आला, ‘अखेर तुम्हालाही पटलं ना, क्वार्टरबॅकच लागतो म्हणून?’ तेव्हापासून हे उत्तर माझ्या डोक्यात तयार आहे. तुमच्या प्रश्नाने फक्त निमित्त दिलं.

माझा थोरला शाळेच्या टीममध्ये सेंटर होता. अंगाने आडवा, पाय जड, पण एकदा रोवले की हलायचे नाहीत. मी स्वतः चिपळूणकडे मातीवर कबड्डी खेळलोय, डावा कोपरा. चढाई करून चार गडी मारून येणाऱ्याचं नाव गावभर व्हायचं. त्याच सामन्यात कोपऱ्याने घोटा धरून तीन पकडी केल्या, हे घरी आपल्यालाच सांगावं लागायचं. त्यामुळे मुलाला ती जागा मिळाली तेव्हा तो काय करणार आहे हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं, आणि बघणारे काय म्हणणार आहेत हेसुद्धा.

सेंटरचं काम बाहेरून दिसतं तसं नाही. बॉल पायांमधून मागे पाचेक यार्ड उडवायचा (हाच स्नॅप), तो क्वार्टरबॅकच्या छातीवर गेला पाहिजे. ज्या क्षणी हात मागे जातो त्याच क्षणी समोरचा दीडशे किलोचा गडी अंगावर येतो, आणि त्याला अडवायला तुमच्याकडे एकच हात मोकळा असतो. त्याआधी समोरची मांडणी वाचून बाकी चौघांना ओरडून सांगायचं की कोण कोणाला घेतोय. माझा मुलगा सोळाव्या वर्षी हे करत होता. रात्री जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरपूडच्या बाटल्या मांडून धाकटीला समजावायचा.

ऑक्टोबर 2022. पाऊस, शुक्रवारची रात्र, शेवटचा क्वार्टर, आमची शाळा चार गुणांनी मागे आणि बॉल त्यांच्या 12 यार्डांवर. थोरल्याचा स्नॅप हातातून निसटला, क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून गेला, समोरच्यांनी उचलला. संपलं. त्या हंगामात 9 सामने होते, सामन्याला पन्नासेक स्नॅप धरा. चारशेच्या वर वेळा त्या पोराने बॉल बिनचूक दिला होता. त्यांतला एकही कोणाला आठवत नाही. त्याचा प्रशिक्षक त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही. मी गाडीत बसल्यावर विचारलं, ‘हात कसा काय सुटला रे?’ तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी त्या रात्री दुसरं काहीही विचारायला हवं होतं. भूक लागलीय का, एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं.

पुढच्याच आठवड्यात दिवाळीला आम्ही कोलंबसला साडूंकडे होतो. माणूस मनाने चांगला आहे, अडीअडचणीला रात्री चार तास गाडी चालवत आलेला आहे. पण फराळाच्या ताटावर, सगळ्यांसमोर, माझ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘अरे, ही हमाली कशाला करतोस? बॉल हातात येत नाही तो कसला खेळ? आणि आला तेव्हा टाकून दिलास.’ सगळे हसले. मुलगाही हसला. मी काहीच बोललो नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये शाळेचा सराव सुरू झाला तेव्हा तो गेला नाही. गुडघा दुखतो म्हणाला. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

आता 25 नोव्हेंबर 2023 चं सांगतो. ओहायो स्टेट आमच्याकडे आली होती, दोन्ही टीम अपराजित. साडू लाल जर्सी घालून आले, मी आणि थोरला निळ्यात. मिशिगन स्टेडियमची क्षमता 1,07,601 आहे, आणि त्या दिवशी त्याहून जास्त माणसं असावीत असं वाटत होतं. तिसरा क्वार्टर, 17-17. एक डाव संपला आणि उजवा गार्ड झॅक झिंटर उठलाच नाही. पाय मोडला होता, नडगीची दोन्ही हाडं. अख्खी टीम मैदानात उतरून त्याच्याभोवती उभी राहिली. लाखावर माणसं आणि शेजाऱ्याचा श्वास ऐकू येईल एवढी शांतता. माझ्या मुलाने टोपी काढून छातीशी धरली होती. साडूंनीही काढली, हे मी विसरणार नाही.

झिंटरला गाडीवरून नेलं, तेव्हा मुलगा हळूच म्हणाला, ‘बार्नहार्ट आत गार्डवर येईल. टॅकलला ट्रेंट जोन्स.’ तसंच झालं. पुढचाच डाव. लाइनमध्ये एक माणूस नवा, एक दुसऱ्याच जागेवर, आणि तरीही समोर फट पडली. ब्लेक कोरम 22 यार्ड पळत गोलरेषेपार गेला, टचडाऊन. त्याने बोटांनी आधी सहा, मग पाच दाखवले. 65 हा झिंटरचा नंबर. ते आम्ही घरी येऊन टीव्हीवर पाहिलं, तिथे मैदानात तर काही दिसतच नव्हतं, सगळे उड्या मारत होते. साडू म्हणाले, ‘काय पळतो हा कोरम!’ माझा मुलगा त्यांच्याकडे वळून म्हणाला, ‘काका, पळायला जागा कोणी केली ते बघितलंत का?’ एवढंच. वर्षभर मनात ठेवलेलं पोराने एका वाक्यात सांगितलं. सामना आम्ही 30-24 ने जिंकलो. शेवटचा पास रॉड मूरने मध्येच पकडला.

तो हंगाम पुढे 15-0 गेला, म्हणजे पंधरा विजय आणि हार एकही नाही, आणि 1997 नंतर पहिल्यांदा राष्ट्रीय अजिंक्यपद आलं. लोक क्वार्टरबॅक मॅकार्थीचं आणि कोरमचं नाव घेतात. मी त्याच महिन्यातला पेन स्टेटचा सामना सांगतो. त्यांच्या मैदानावर, त्यांच्या कडक बचावासमोर, मिशिगनने सलग 32 वेळा बॉल धावतच नेला. उत्तरार्धात एकही पास नोंदलेला नाही. 24-15 ने जिंकले. क्वार्टरबॅक पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या फेरीत जाणारा होता, त्या दिवशी त्याचं काम बॉल हातात देऊन बाजूला होणं एवढंच होतं. आणि हे एका वर्षाचं नाही. सर्वोत्तम लाइनला मिळणारा ‘जो मूर’ पुरस्कार मिशिगनला 2021 आणि 2022 असा लागोपाठ मिळाला होता. 2020 ला 2-4 असलेली टीम 2021 ला 12-2 कशी झाली? बचावातल्या एडन हचिन्सनचे 14 सॅक (क्वार्टरबॅकला बॉलसकट पाडणं) होतेच. पण ओहायोला 42-27 हरवलं त्या दिवशी हसन हॅस्किन्सने पाच टचडाऊन केले, आणि त्यांतल्या बऱ्याच वेळा त्याला गोलरेषेजवळ जाईपर्यंत कोणी नीट हातही लावला नव्हता.

मग 2023 ची लाइन संपूर्ण गेली. झिंटर, कीगन, नुजेंट, हेंडरसन, बार्नहार्ट, जोन्स, एकही उरला नाही. 2024 ला टीम 8-5.

आता यंदाचं. एल-हादी आणि क्रिपन ही आतली जोडी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एल-हादी इथलाच, स्टर्लिंग हाइट्सचा, झिंटर-कीगनच्या मागे उभा राहून शिकलेला. क्रिपन गेल्या वर्षी हंगामाच्या मध्यात सेंटरवर आला. अठरा वर्षांच्या क्वार्टरबॅकला समोरचा बचाव काय करतोय हे वाचून सांगणारा माणूस तो आहे, आणि माझ्या मते अंडरवूडचं पहिलं वर्ष अंडरवूडपेक्षा क्रिपनवर जास्त ठरेल. इव्हान लिंकचे गेल्या वर्षी उजव्या टॅकलवर हाल झाले. यंदा तो डावीकडे, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पाठीकडची बाजू. तो टिकला तर दहा सामने जिंकू. नाही टिकला तर अंडरवूड कितीही गुणी असो, तो आडवा पडलेला दिसेल.

बाकीचे पटकन सांगतो. जस्टिस हेन्स अलाबामाहून आलाय, बॉल घेऊन धावणारा, चांगला आहे. जॉर्डन मार्शलने गेल्या मोसमाच्या शेवटच्या सामन्यात त्याच अलाबामाविरुद्ध 100 यार्ड काढले होते, त्याला लोक विसरतात. बचावात मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट दोघेही पहिल्या फेरीत गेले, ती जागा रेशॉन बेनीने भरायची आहे, आणि ती सोपी नाही. डेरिक मूर बाहेरून दबाव आणेल. किकर डॉमिनिक झवाडा मात्र नीट लक्षात ठेवा. गेल्या वर्षी 22 पैकी 21 फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारलेले), आणि कोलंबसला जाऊन 13-10 ने जिंकलो तो शेवटचा गोल त्याचाच. पण त्याला गोलसमोर कलेल मलिंग्जच्या धावेने नेऊन ठेवलं होतं, आणि मलिंग्जला कोणी, ते आता मी परत सांगत नाही.

आणि रॉड मूर. तोच, ज्याने तो पास पकडला होता. 2024 च्या वसंतात गुडघ्याचा लिगामेंट गेला, पूर्ण हंगाम बाहेर बसला. ओहायोचाच मुलगा. तो परत पूर्वीसारखा धावू लागला तर मागची फळी शांत होईल. हे लाइनच्या बाहेरचं एकमेव नाव आहे जे मी तुम्हाला ठळक अक्षरात लिहून देईन.

दोन गोष्टी मान्य करतो, नाहीतर साडू हे वाचून फोन करतील. 2024 ला नुसती लाइन गेली नव्हती, मॅकार्थी, कोरम आणि प्रशिक्षक हारबॉ तिघेही गेले होते, आणि पासिंगमध्ये टीम देशात तळाजवळ होती. चांगला क्वार्टरबॅक असता तर 8-5 झालं नसतं, हे खरं आहे. दुसरं, 2023 चा ‘जो मूर’ पुरस्कार वॉशिंग्टनच्या लाइनला मिळाला होता आणि अंतिम सामन्यात तीच टीम आमच्याकडून 34-13 ने हरली. हा मुद्दा साडू दर वेळी काढतात. त्याचं उत्तर असं, की त्या लाइनला ज्यांनी मोडलं ते ग्रॅहम, ग्रँट आणि जेंकिन्ससुद्धा लाइनचेच होते, फक्त बॉलच्या पलीकडचे. मी प्रशिक्षक नाही. मी एका सेंटरचा बाप आहे आणि तेवढ्याच नजरेने बघतो.

मुलीला सांगा, 30 ऑगस्टला न्यू मेक्सिकोविरुद्ध पहिला सामना आहे, त्यात निकालाची चिंता नाही. पहिले दहा डाव बॉलकडे न बघता लाइनमधल्या पाच जणांकडे बघ म्हणावं, म्हणजे पाठीवर पन्नास ते एकोणऐंशी नंबर असलेले. समोरच्याला मागे ढकलतायत की स्वतः मागे सरकतायत, एवढंच. 6 सप्टेंबरला ओक्लाहोमाला जायचं आहे, तिथे तो फरक लगेच कळेल.

29 नोव्हेंबरला ओहायो स्टेट परत इथे आहे. तीन तिकिटं काढली आहेत. थोरला आता कॉलेजात आहे, थँक्सगिव्हिंगला घरी असेल. या वेळी साडूंच्या शेजारी मी त्याला बसवणार आहे, आणि पहिला स्नॅप होण्याआधी मी साडूंना त्या दिवाळीच्या फराळाबद्दल विचारणार आहे, मुलाच्या समोर.