सड्यावरची फुलं आणि पावसातला नायट्रोजन

प्रश्न : आमच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) सीतेची आसवं, दवबिंदू ही फुलझाडं भरपूर असायची, अलीकडे गवतच माजतंय. अंगणात पितळी घंगाळात पावसाचं पाणी धरून कागदी पट्टीने तपासलं, सामू (पीएच) ५.५ आला. हा आम्लपाऊसच ना? सड्यावर चुना टाकावा का?
– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : चुना मुळीच टाकू नका. सड्यावरच्या वनस्पतींना आम्ल, निकस मातीच मानवते.

५.५ ला आम्लपाऊस म्हणत नाहीत. कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे स्वच्छ पावसाचाही सामू ५.६ च्या आसपास असतो. त्यात पट्टीचा भरवसा नाही : पावसाच्या पाण्यात क्षार इतके थोडे, की पट्टी नीट रंग धरत नाही. धातूचं भांडंही नको. प्लास्टिकचा रुंद तोंडाचा डबा साबण न लावता डिस्टिल्ड वॉटरने तीनदा विसळा आणि छप्पर, झाडांपासून दूर, मीटरभर उंचीवर ठेवा. सिमेंटच्या अंगणातले शिंतोडे सामू चढवतात. झाकण सर सुरू झाल्यावरच काढा, नाहीतर आधी बसलेली धूळही मोजली जाईल. सामूमापक ४ आणि ७ सामूच्या तयार द्रावणांवर जुळवून, आकडा स्थिरावल्यावरच नोंद करा. पहिल्या सरीचं पाणी वेगळं ठेवा. हवेतला बराचसा मळ तीच खाली आणते.

मात्र गवताचं कोडं सामूने सुटणार नाही. तिथे नायट्रोजन बघायला हवा. गाड्या, भट्ट्या, बॉयलर यांच्या धुरातून नायट्रोजनची ऑक्साइडं येतात, युरिया आणि शेणामुतातून अमोनिया. दोन्ही पावसाबरोबर उतरतात. (थोडा नायट्रेट विजांमुळेही बनतो.) आता हिशोब करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. ३००० मिमी पावसात लिटरमागे फक्त १ मिलिग्रॅम नायट्रेट धरलं, तरी हेक्टरी ३० किलो नायट्रेट पडतं, म्हणजे जवळपास ७ किलो नायट्रोजन. भातखाचराला हे काहीच नाही. सड्यावर मात्र कातळावर बोटभर माती, तीही उपाशी. म्हणून तर दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरतो आणि सीतेची आसवं मुळाशी असलेल्या बारीक फुग्यांत पाण्यातले जीव ओढून घेतात. आयतं खत मिळालं की गवताला फावतं, आणि ही बुटकी झाडं त्याच्या सावलीत मरतात.

तरी लगेच पावसावर खापर फोडू नका. गुरं चरायची थांबली किंवा वरच्या कलमांच्या बागेतलं खत वाहून आलं, तरी असंच दिसतं. बागेखालच्या उतारावर एक आणि बागेपासून लांब, उंचावर एक, असे एकेक मीटरचे चौकोन आखा. दरवर्षी ऑगस्टअखेर त्यातली फुलझाडं मोजा. गवत खालच्याच चौकोनात वाढलं, तर आधी बागेच्या खताकडे बघा.

प्रश्न : कलमांच्या मातीचा सामू ५.२ निघाला. कारखान्यांच्या धुरामुळे असेल का?
– बागायतदार, देवगड

उत्तर : बहुधा नाही. जांभ्याच्या मातीतला चुना आणि मॅग्नेशियम कोकणचा पाऊस युगानुयुगं धुऊन नेतोय. वर युरिया, अमोनियम सल्फेटही आम्लता वाढवतात. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं खुंटतात. माती परीक्षण करताना चुन्याची गरजही काढून मागा, फक्त सामूवरून मात्रा ठरत नाही. आणि चुना व युरिया एकाच वेळी टाकू नका. नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो.