आजीचा ‘अंदाज’ वजनकाट्यावर

परदेशातल्या मराठी घरांतून एक प्रश्न हटकून येतो: आजीने सांगितलं तसंच सगळं घातलं, तरी आमटी तशी का होत नाही? आजी चुकीचं सांगत नाही, अपुरं सांगते. जन्मभर रोज केलेली गोष्ट मुद्दाम सांगायची असते, हे तिच्या मनातही येत नाही. डाळ गरम पाण्याने चोळून धुणं, गॅस बंद केल्यावरही खोबरं परतत राहणं, गूळ घातल्यावर एक उकळी येऊ देणं, यातलं काहीच तिच्या सांगण्यात येत नाही. म्हणून कृती विचारत बसू नका. तिला करू द्या आणि तुम्ही मोजा.

त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल वजनकाटा पुरे. सुट्टीत भारतात गेलात की स्वयंपाकाला सुरुवात होण्याआधी मिठाची बरणी, गुळाचा डबा, गोड्या मसाल्याची बाटली आणि तेलाचं भांडं तोलून वजनं लिहून ठेवा. मग मधे अजिबात बोलायचं नाही. ‘थांब, मोजू दे’ म्हटलं की हात बिचकतो आणि नेहमीपेक्षा कमी पडतं. पदार्थ उतरला की सगळे डबे पुन्हा तोला. जो फरक येईल तो तिचा अंदाज. हळद-हिंगासारख्या चिमटीच्या जिनसांना एक ग्रॅमचा काटा लागू पडत नाही. त्या तिच्या मिसळणाच्या डब्यातल्या चमच्यानेच लिहा आणि तसाच चमचा सोबत आणा.

एक वजन जवळजवळ सगळेच विसरतात, ते म्हणजे पातेल्याचं. रिकामं पातेलं आधी तोला आणि आमटी तयार झाल्यावर पुन्हा तोला. तुमची आमटी १ किलो भरते की दीड किलो, हे कळल्याशिवाय मीठ-मसाल्याच्या आकड्यांना अर्थ नाही. वाटीचंही तेच. घरोघरच्या स्टीलच्या वाट्या १२० मिलीपासून २०० मिलीपर्यंत कुठल्याही असतात. वाटी काट्यावर ठेवून शून्य करा आणि पाण्याने भरा. जितके ग्रॅम पाणी तितक्या मिलीची वाटी.

एकाच पदार्थाचं माप दोन वेगळ्या दिवशी घ्या. दोन्ही दिवशी जे आकडे जवळपास सारखे येतात ते पक्के. जे हलतात, बहुधा गूळ, आंबट आणि तिखट, ते ती चाखून ठरवते. वहीत तिथे आकडा न लिहिता ‘चाखून’ असं लिहा.

वजनाइतक्याच थांबायच्या खुणा महत्त्वाच्या. ‘किती वेळ भाजू?’ याचं उत्तर तुमच्या शेगडीवर निरुपयोगी आहे. ‘कसं दिसलं की बंद करू?’ असं विचारा. धन्यांचा वास सुटतो आणि रंग एक छटा गडद होतो, तीळ तडतडून उडायला लागतात, बेसन भाजताना जड झालेला हात पुन्हा हलका होतो. चित्रीकरण करताना मोबाइल आजीच्या चेहऱ्यावर नको, कढईत डोकावेल असा खांद्याच्या उंचीवर धरा. पंखा आणि टीव्ही बंद ठेवा, कारण फोडणीचा आवाज हीसुद्धा खूण आहे.

परत गेल्यावर दुसरी फेरी व्हिडिओ कॉलवर करायची. या वेळी तुम्ही करायचं आणि आजीने बघायचं. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळी ८ वाजता भारतात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेसहा. संध्याकाळच्या मालिका सुरू व्हायच्या आत आटपलं तर लक्ष पूर्ण मिळतं. ‘अजून भाज’, ‘गॅस केवढा ठेवलास तो’ अशी तिची खरी कृती या टोकण्यातूनच बाहेर येते.

गोडा मसाला

ब्राह्मणी वळणाच्या आमटीची निम्मी चव इथे असते. आधी तुमच्या घरी गोडा मसाला होता, कांदा-लसूण मसाला होता की मराठवाड्याकडचा येसूर, एवढं विचारून घ्या. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. गोड्या मसाल्याचं सुरुवातीला धरायला सोयीचं प्रमाण असं: धने २५० ग्रॅम, सुकं खोबरं १२५ ग्रॅम, तीळ ६० ग्रॅम, जिरे ३० ग्रॅम, खसखस २० ग्रॅम, दालचिनी आणि दगडफूल प्रत्येकी १० ग्रॅम, लवंग, मिरी, शहाजिरे, नागकेशर आणि तमालपत्र प्रत्येकी ५ ग्रॅम, मसाला वेलची ४, बाद्यान २, सुक्या मिरच्या ५-६, हळद आणि हिंग प्रत्येकी एक चहाचा चमचा. घराघरात हे बदलतं. आजीच्या मापाशी ताडून दुरुस्त करा.

खोबरं, तीळ आणि खसखस कोरडी भाजायची, बाकीचे जिन्नस थेंब-थेंब तेलावर, आणि प्रत्येक जिन्नस वेगळा. एकत्र भाजलं की जिरं करपतं तेव्हा धने कच्चेच असतात. खोबरं पिवळसर झालं की बरेच जण घाबरून उतरवतात. ते चांगलं तपकिरी व्हायला हवं, गोड्या मसाल्याचा काळपट रंग आणि गोडसर खमंगपणा तिथूनच येतो. पण काळं पडलं की मसाला कडू, आणि मग त्यावर उपाय नाही. सुकी वाटी मिळाली नाही तर बिनसाखरेचा सुक्या खोबऱ्याचा कीस चालतो, फक्त तो दोन-तीन मिनिटांत रंगतो, तेव्हा कढईपासून हलू नका. धुराच्या अलार्मची भीती असेल तर खोबरं ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसवर पसरून ठेवा आणि दर तीन मिनिटांनी हलवा. मिरच्या मात्र खिडकी उघडून सगळ्यांत शेवटी.

पूर्ण गार झाल्याशिवाय दळू नका. वाफ अडकली की मसाल्याला बुरशी येते. आधी धने आणि कडक जिन्नस बारीक करा. खोबरं, तीळ, खसखस शेवटी, मिक्सर थांबवत-थांबवत. सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. महिन्याला लागेल तेवढा मसाला बाहेर ठेवा, उरलेला फ्रीझरमध्ये. खोबऱ्याला खवट वास यायला वेळ लागत नाही.

सामान निवडताना थोडं बघून घ्या. युरोपातल्या दुकानांत मिळणारे मोठे, गोल, तपकिरी धने आपल्यासारखे सुवासिक नसतात. लांबट, हिरवट धने भारतीय दुकानातून आणा. आपल्या तमालपत्रावर देठापासून टोकापर्यंत तीन शिरा असतात आणि त्याला दालचिनीचा वास असतो. एकच मधली शीर असलेलं तिकडचं पान वेगळ्या झाडाचं, त्याची जात उग्र. जर्मनीत नुसतं ‘क्यूमेल’ लिहिलेली पुडी जिऱ्याची नसते.

मसाला बरोबर असूनही आमटी चुकते तेव्हा

पहिला संशय पाण्यावर घ्या. लंडनचं पाणी जड आहे, ग्लासगोचं हलकं. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे डाळ गळत नाही, कुकरच्या शिट्ट्या वाढवूनही वर पाणी आणि खाली डाळ राहते. डाळ अर्धा तास गरम पाण्यात भिजवा, शिजवायला फिल्टरचं पाणी घ्या, आणि चिंच किंवा आमसूल डाळ पूर्ण शिजून घोटल्यावरच घाला. आंबटानेही डाळ आखडते. परदेशात तेल लावलेली तूरडाळही विकतात. ती कोमट पाण्यात चोळून तीन-चार वेळा धुतली नाही तर आमटीला बोथट वास राहतो.

दुसरा संशय तेलावर. अनेक घरी शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल असायचं. वास नसलेल्या रिफाइंड तेलात फोडणी दिली की सगळं प्रमाण बरोबर असूनही काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

तिसरी गोष्ट शेगडी. काचेच्या विजेच्या शेगडीचा ताव बटण कमी केल्यावर लगेच उतरत नाही. मोहरी तडतडली की भांडं उचलून बाजूला घ्या आणि मग हिंग-हळद घाला, नाहीतर हळद जळून आमटी काळवंडते. इंडक्शनवर ॲल्युमिनियमची कढई तापतच नाही. सपाट बुडाची लोखंडी तापते. आणि दोघांपुरती आमटी करताना तेल माणसांच्या हिशोबाने कमी करू नका. तेल इतकं कमी की मोहरी बुडतही नाही, मग ती तडतडायच्या आधी जळते. एक मोठा चमचा तेल हवंच, त्यासाठी छोटं फोडणीचं कढलं ठेवा.

चौघांसाठी पडताळायला हे आकडे घ्या: तूरडाळ १५० ग्रॅम, तयार आमटी सुमारे १ लिटर, मीठ ८ ग्रॅम, गूळ १५ ग्रॅम, चिंच १० ग्रॅम, गोडा मसाला दोन चहाचे चमचे.

आजी आता नसेल तर

आत्या, मावशी, शेजारच्या काकू, घरी पोळ्यांना येणाऱ्या बाई, यांच्यापैकी कोणीतरी त्या ओट्याशी उभं राहिलेलं असतं. त्यांना कृती नका विचारू, वस्तू विचारा: फळीवर तेल कुठलं असायचं, आंबटाला चिंच होती की आमसूल, मसाला घरी व्हायचा की कुणाकडून यायचा. आमसूल म्हटलं की बहुधा घराचं वळण कोकणाकडचं.

मग वरच्या प्रमाणाची आमटी करून चार वाट्यांत प्रत्येकी २०० मिली काढा. पहिली तशीच ठेवा. दुसरीत ३ ग्रॅम गूळ वाढवा, तिसरीत एक चमचा चिंचेचा कोळ, चौथीत अर्ध्या चमचा गरम तेलात फुलवलेला चिमूटभर गोडा मसाला. कुठली वाटी कशाची हे न सांगता ज्यांनी तिच्या हातचं खाल्लंय त्यांच्यापुढे ठेवा. बोट एकीकडे वळलं की पुढच्या वेळी त्या वाटीपासून पुन्हा चार वाट्या. चवीचं वर्णन बहुतेकांना करता येत नाही, निवड मात्र लगेच करता येते. गरम भाताबरोबर चाखायला द्या, नुसती आमटी जास्तच खारट-आंबट लागते.

थालीपीठाच्या भाजणीसाठी गिरणी नसेल तर भाजलेलं धान्य १५० ग्रॅमच्या घाण्यांनी मिक्सरमधून काढा, मधे भांडं गार होऊ द्या आणि चाळणीवरचा रवा पुन्हा फिरवा. तयार पिठं भाजून केलेली भाजणी चालते, पण खमंगपणा निम्मा येतो.

सोबत काय न्यावं

भारतातून युरोपीय संघात किंवा ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे घरचं तूप आणि खवा राहिलाच. अमेरिकेत ताजा कढीपत्ता नेता येत नाही. ऑस्ट्रेलियात मसाले, धान्य, पिठं सगळं प्रवेशपत्रावर जाहीर करावं लागतं. लपवलेलं सापडलं तर दंड होतो, जाहीर केलेलं फार तर काढून घेतात. घरच्या मसाल्याच्या प्रत्येक पिशवीवर आतल्या जिनसांची नावं इंग्रजीत लिहा. नियम बदलतात, तेव्हा निघायच्या आधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या. भारतीय डब्यातल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, घरात कुणाला गहू चालत नसेल तर डबा वाचूनच घ्या.

संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरला खसखस नेणं बेकायदा आहे, आणि ती मसाल्यात दळलेली असली तरी तिची खसखसच धरली जाते. तिकडे राहणाऱ्यांनी गोड्या मसाल्यातून ती सरळ वगळावी आणि तीळ १५-२० ग्रॅम वाढवावेत. आमटीत हा फरक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.