झोपेच्या नोंदी वाचणारा डॉक्टर

प्रश्न : मी वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात आहे. मेंदूविकारतज्ज्ञ होऊन पुढे निद्राविकारांवरच काम करावे, असे मनात आहे; पण झोपेच्या गोळ्या लिहून देण्यासाठी इतकी वर्षे कशाला घालवायची, असे घरचे विचारतात. त्यांना काय सांगू?

उत्तर : घरच्यांची काळजी समजते, परंतु या कामात गोळ्यांचा भाग फार थोडा असतो. मेंदूविकारशास्त्रातील विशेष शिक्षणानंतर निद्राविकारांचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्यातला बराच वेळ रुग्णाच्या रात्रभराच्या नोंदी वाचण्यात जातो. मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण आणि श्वास यांचे आलेख ३०-३० सेकंदांच्या तुकड्यांत तपासायचे असतात. आठ तासांच्या झोपेचे असे ९६० तुकडे होतात. डोळ्यांच्या जलद हालचालींच्या ज्या झोपेची ओळख १९५३ मध्ये पटली, तिच्यात हनुवटीची रेघ जवळजवळ सपाट व्हायला हवी. ती तशी न होता खडबडीत राहिली आणि रुग्ण स्वप्नातल्याप्रमाणे हातपाय झाडत असेल, तर ‘वाईट स्वप्ने पडतात’ एवढ्यावर ते सोडून देता येत नाही, कारण अशा अनेक प्रौढांना काही वर्षांनी पार्किन्सनसारखा आजार जडतो. हे त्यांना केव्हा आणि किती सांगायचे, हा माझ्या मते या व्यवसायातला सर्वांत अवघड भाग आहे.

निर्णय घेण्यापूर्वी एखाद्या निद्रा-प्रयोगशाळेत तंत्रज्ञाच्या शेजारी बसून एक पूर्ण रात्र जरूर काढा.