घराचे फोटो काढायला २४ हजार द्यायचे का?

प्रश्न: कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला आमचं स्वतःचं दुमजली घर आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी खालच्या मजल्यात पाणी आलं. दुसऱ्या वेळी ओट्याखालच्या ट्रॉल्या, वायरिंग, दिवाण, वॉशिंग मशीन असं सगळं नव्यानं करताना ३ लाख ८० हजार गेले. विमा नव्हता. आता एका फर्मचा माणूस येऊन गेला. घरातल्या प्रत्येक वस्तूचे फोटो, व्हिडिओ आणि किमतीसकट रिपोर्ट करून देणार. २४ हजार रुपये, सांभाळायचं पहिलं वर्ष मोफत, पुढे वर्षाला ४ हजार. ‘हा रिपोर्ट असला की क्लेम अडत नाही’ म्हणतो. मी २ हजार ॲडव्हान्स दिलेत. मिस्टर म्हणतात, त्यापेक्षा एसआयपीत टाक. सासूबाई म्हणतात, सोन्याचे फोटो काढणं म्हणजे चोराला पत्ता देणं. थोडं सोनं घरी आहे, बाकी लॉकरमध्ये. काय करू?

उत्तर:

ताई, फोटो जरूर काढा, पण त्याचे २४ हजार देऊ नका.

तुमच्या पत्रात क्लेम आहे, रिपोर्ट आहे, पॉलिसी मात्र कुठेच नाही. २०२१ ला विमा नव्हता असं लिहिलंय, नंतर घेतल्याचंही लिहिलेलं नाही. मग क्लेम करायचा कुणाकडे? पॉलिसी नसेल तर तो रिपोर्ट म्हणजे गेलेल्या वस्तूंची सुबक यादी, एवढंच. त्या माणसानं ‘तुमचा विमा कुठल्या कंपनीचा?’ एवढंही विचारलेलं दिसत नाही. विचारलं असतं तर त्याचा माल विकला गेला नसता. आणि ‘क्लेम अडत नाही’ हे वचन द्यायचा त्याला अधिकारच नाही. नुकसान झाल्यावर विमा कंपनी परवानाधारक सर्व्हेअर पाठवते, पाहणी तो करतो आणि अहवालही त्याचाच धरतात. बाहेरच्या फर्मच्या चकचकीत रिपोर्टला तिथे तुमच्या मोबाइलमधल्या फोटोंपेक्षा जास्त मान मिळेल असं मला वाटत नाही.

खर्चही २४ हजारांवर थांबत नाही. दहा वर्षं धरली तर पुढच्या नऊ वर्षांचे ३६ हजार, म्हणजे ६० हजार रुपये. एवढे पैसे देऊन आपल्या घराचा नकाशा, कपाटाची जागा आणि दागिने अनोळखी माणसांच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे. सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे, फक्त त्यांचं बोट फोटोंकडे आहे, ते या फर्मकडे हवं.

आता विम्याचं. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी आली आहे. कंपनी कुठलीही घ्या, मूळ अटी त्याच. पूर त्यातच येतो, वेगळा जोडून घ्यावा लागत नाही. आग, वीज कोसळणं, भूकंपही आहेत. इमारतीचा विमा बाजारभावावर काढायचा नसतो. शाहूपुरीतल्या जागेचा भाव विसरा, जागा पुरात वाहून जात नाही. कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, आणि आजचा बांधकामाचा दर, यांचा गुणाकार करायचा. समजा ९०० चौरस फूट आणि दर २,००० रुपये धरला, तर १८ लाख. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला आपोआप त्याच्या २० टक्के संरक्षण मिळतं, कमाल १० लाख. या धरलेल्या आकड्यांवर ते ३ लाख ६० हजार होईल.

हे पुरेल का? याचं उत्तर तुमच्याकडे आज नाही, माझ्याकडेही नाही. ते फोटो काढल्यावर मिळेल. म्हणून मी फोटोंच्या बाजूनं आहे. लोक समजतात फोटो नुकसान झाल्यावर दाखवायला लागतात. तसे लागतातच, पण त्यांचा पहिला उपयोग विमा रक्कम ठरवताना होतो. दोन मजल्यांचं सामान मोजल्यावर आकडा ७ लाखांवर गेला, तर सामानाची यादी देऊन जादा रक्कम घेता येते. कमी रकमेचा विमा घेतला म्हणून क्लेम त्या प्रमाणात कापायचा, ही जुनी पद्धत या पॉलिसीत नाही. पण ठरलेल्या रकमेच्या वर एक रुपयाही सुटत नाही.

दोन गोष्टी एजंटकडून ईमेलवर लिहून घ्या. पक्क्या बसवलेल्या गोष्टी इमारतीत धरतात आणि हलणाऱ्या सामानात. तुमच्या ट्रॉल्या यातल्या कुठल्या बाजूला धरल्या, हे आधीच ठरलेलं बरं. दुसरं, साधी घरफोडी या पॉलिसीत येत नाही. पुरासारख्या घटनेमुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत चोरी झाली तरच ती धरतात. पुरात माणसं घर सोडायला तयार होत नाहीत ती चोरीच्याच भीतीनं, त्यामुळे ही अट तुमच्या कामाची आहे. एरवीच्या चोरीसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागेल. रोख रक्कम, गाडी, कागदपत्रं यांना ही पॉलिसी नाही. घरी शिवणकाम किंवा मसाल्याचा धंदा असेल तर त्याचा मालही यात येत नाही, छोट्या उद्योगांची पॉलिसी निराळी आहे.

हप्त्याचा आकडा मी छापत नाही, दोन कंपन्यांचे कोट लेखी मागवा. पण साध्या घराचा वर्षाचा हप्ता काही हजारांच्या घरात असतो. तुमच्या २४ हजारांत बरीच वर्षं निघतील.

फोटो कसे काढायचे, यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण पूरपट्ट्यातल्या घराची गोष्ट निराळी असते. पंचगंगेचं पाणी सहसा सांगून येतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आकडे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, पण तिथवर जायला त्याला वेळ लागला. त्या वेळात टीव्ही, गाद्या, मिक्सर, देवघर माडीवर जातं. मागे राहतं ते न हलणारं, आणि तुमचे ३ लाख ८० हजार गेले तेही त्यावरच. तेव्हा सुरुवात तिथून करा. २०२१ ला पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ते तुम्हाला आठवत असेलच. त्या उंचीला पेन्सिलीनं रेघ ओढा, शेजारी मोजायची टेप धरून एक फोटो घ्या आणि रेघेखालचं सगळं आधी टिपा.

दारातून आत शिरा, मोबाइल आडवा धरा आणि भिंतीच्या कडेनं फिरत व्हिडिओ घ्या. तोंडानं बोलत राहा: ‘ही ट्रॉली, २०२१ च्या दिवाळीत केली, सुताराला इतके दिले.’ ट्रॉली नुसती बाहेरून दाखवू नका, पूर्ण ओढा, म्हणजे आतली भांडी आणि प्लाय दोन्ही दिसतील. दिवाणाचं झाकण उचला, पुरात भिजणाऱ्या गोधड्या आणि पैठण्या त्यातच असतात. मग एकेका वस्तूचा स्टिकर जवळून घ्या. फ्रीजचा बहुधा आतल्या भिंतीवर असतो, वॉशिंग मशीनचा मागे किंवा दाराच्या कडेला. इन्व्हर्टरच्या बॅटरीचा नंबर, पाण्याच्या मोटरची पाटी, गिझर. स्टिकरवरचा अनुक्रमांक वाचता आला पाहिजे, नाहीतर फोटो पुन्हा घ्या.

बिलांची गत तुम्हाला ठाऊक आहे. दुकानातल्या मशीनमधून येणारं गुळगुळीत कागदाचं बिल दोन उन्हाळ्यांत कोरं होतं, त्याचा फोटो त्याच दिवशी काढायचा. सुतारानं वहीच्या पानावर लिहून दिलेली चिठ्ठी असेल तर तीही टाकू नका. पक्कं बिल केव्हाही चांगलं, पण चिठ्ठी, त्याला पाठवलेल्या पैशांची यूपीआय नोंद आणि तयार ट्रॉलीचा फोटो अशा तीन गोष्टी एका ठिकाणी असल्या तर तुमच्या म्हणण्याला वजन येतं. नुसत्या फोटोनं वस्तू घरात होती एवढंच कळतं, ती कितीची होती ते कळत नाही.

हे सगळं फोनमध्येच ठेवलं तर फोन पाण्यात पडल्यावर सगळंच गेलं. गूगलवर १५ जीबी जागा फुकट मिळते, तिथे एक प्रत ठेवा आणि खात्याला दुहेरी पडताळणी लावा. दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर, आणि ती कोल्हापूरबाहेर. सांगलीच्या पाहुण्यांकडे नको, तिकडे कृष्णा आहे. पुण्यात कुणी असेल तर उत्तम. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि त्यातली तारीख-वेळेची मूळ नोंदही जाते, तेव्हा पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि घरच्या ग्रुपवर तर मुळीच नको. त्या ग्रुपवर कोण कोण आहे हे आपल्यालाही धड माहीत नसतं.

सोन्याकडे येतो. सासूबाईंची समजूत काढायला त्यांना एक सांगा: दागिन्यांचे फोटो घराच्या व्हिडिओत येणारच नाहीत. ते वेगळे, वेगळ्या फोल्डरमध्ये, साध्या कापडावर ठेवून, कपाट किंवा खोली न दिसता काढायचे. कोल्हापुरी साज असेल तर पूर्ण साजाचा एक आणि पदकांचे जवळून काही फोटो घ्या. साजाच्या मण्यांत आणि पदकांत लाख (राळेसारखा पदार्थ) भरलेली असते, त्यामुळे गुजरीत नेहमीच्या सराफाकडे वजन कराल तेव्हा चिठ्ठीवर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन दोन्ही लिहून घ्या. अलीकडच्या दागिन्यांवर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो, तो भिंगातून टिपून ठेवा. सासूबाईंच्या काळातल्या दागिन्यांवर तो नसणार, म्हणून तिथे वजनाची चिठ्ठी जास्त मोलाची.

दागिने सामानाच्या त्या आपोआप मिळणाऱ्या २० टक्क्यांत धरू नका. त्यांच्यासाठी मौल्यवान वस्तूंचं ऐच्छिक कव्हर आहे आणि त्याची रक्कम आधी ठरवून घेतात. एक वस्तू १ लाखाच्या वर किंवा एकूण ५ लाखांच्या वर गेली की मूल्यांकनाचा दाखला लागतो. आजच्या भावात बरा साज १ लाखाच्या आत बसणं कठीणच. तेव्हा पैसे देऊन कुणाला बोलवायचंच असेल तर ते इथे, सरकारमान्य मूल्यांककाला. मिक्सर-कुकरचे फोटो काढणाऱ्याला नव्हे.

लॉकरमधल्या सोन्याचेही फोटो काढा. आत काय ठेवलंय याची नोंद बँकेकडे नसते. आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच असते, आणि पूर, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तीत तीही नसते. शाखा कुठल्या भागात आणि कुठल्या मजल्यावर आहे, हे शाहूपुरीतल्या माणसानं बघून घ्यावं.

तुमच्या मिस्टरांचा मुद्दा चुकीचा नाही, फक्त क्रम चुकलाय. २४ हजार एकरकमी गुंतवले आणि दरसाल १२ टक्के मिळाले, ज्याची हमी कुणी देत नाही, तरी दहा वर्षांत साधारण ७५ हजार होतील. तुमच्या एका पुराचा खर्च ३ लाख ८० हजार होता. तेव्हा आधी हप्ता, मग मूल्यांकनाची फी, आणि उरतील ते त्यांच्या एसआयपीत. उरतील बरेच. शिवाय अडीअडचणीचे पैसे पतसंस्थेत ठेवले असतील तर एक ध्यानात घ्या, बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना जे ठेव विम्याचं संरक्षण असतं, ते पतसंस्थेतल्या ठेवींना नसतं.

हे सगळं मे महिन्यात उरका. पाणी जयंती नाल्यात फुगायला लागल्यावर एजंटला फोन करण्यात अर्थ नाही. पॉलिसी असताना पुन्हा पाणी आलंच, तर चिखल काढायच्या आधी त्याच जागेवरून, त्याच दिशेनं पुन्हा फोटो घ्या, म्हणजे आधीचा आणि नंतरचा शेजारी-शेजारी ठेवता येतील. कंपनीला त्याच दिवशी कळवा. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. तशा वेळी सर्व्हेअर लगेच पोचत नाही आणि कुजलेलं सामान घरात ठेवता येत नाही. आपल्याकडे ओला दिवाण, गाद्या रस्त्यावर काढल्या की महापालिकेचा ट्रक उचलून नेतो, मग दाखवायला काही उरत नाही. टाकण्याआधी कंपनीला ईमेल करून परवानगी मागा, प्रत्येक वस्तूचा फोटो घ्या, आणि फ्रीज, मशीन, मोटर अशा यंत्रांना सर्व्हेअर येईपर्यंत हात लावू नका. सरकारी पंचनामा झाला तर त्याची प्रत मागून घ्या. क्लेमवरून कंपनीशी वाजलंच, तर विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यात आहे आणि तिथे तक्रारीला फी लागत नाही.

राहिले तुमचे २ हजार. काम सुरू झालेलं नाही, तेव्हा करार रद्द करत असल्याचं लेखी कळवा आणि पैसे परत मागा. पावती मिळाली असेल तर तिचा फोटो सोबत जोडा. परत दिले तर ठीक, नाही दिले तर सोडून द्या, पण ते वसूल व्हावेत म्हणून उरलेले २२ हजार देऊ नका.