‘एअर फोर्स वन’मध्ये एवढ्या गोळ्या सुटूनही विमान फुटत नाही, ही चूक नाही का?

तुम्ही विचारलंय की ‘एअर फोर्स वन’ या इंग्रजी चित्रपटात अपहरणकर्ते अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विमानात विमानभर गोळ्या झाडतात तरी विमान हवेत शाबूत राहतं, ही दिग्दर्शकाची चूक नाही का, आणि या चित्रपटातल्या आणखी चुका नि शूटिंगच्या गोष्टी कोणत्या.

चूक नाही. त्या चित्रपटात जे थोडंफार बरोबर दाखवलंय त्यातलंच हे आहे. मी एकतीस वर्षं मुंबईत विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये शीट मेटलचं काम केलं. विमानाचा पत्रा, त्याचे सांधे आणि रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, एवढाच माझा धंदा. आता सिंधुदुर्गात आचऱ्याला घरी असतो. पण नेमका हाच वाद आमच्या घरात १९९८ च्या गणपतीत झाला होता आणि तेव्हा माझं कुणी ऐकून घेतलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भजनाची मंडळी उसळ खाऊन गेली होती. पोरांनी व्हीसीआर भाड्याने आणला होता. कॅसेट इंग्रजी, त्यामुळे थोरला चुलतभाऊ मधोमध बसून सगळ्यांना अर्थ सांगत होता. दादा हायस्कुलात विज्ञान शिकवायचा, गावात त्याच्या शब्दाला मान. गोळीबार सुरू झाला तसा तो म्हणाला, “ह्या खोटा. गोळी लागली काय इमान फुग्यासारख्या फुटता.” मी म्हटलं, दादा, नाही फुटत. तर पंधरा माणसांसमोर मला म्हणाला, “तू गप रव. तू थय नटबोल्ट आवळतंस, इमान चलवणंस नाय.” काकी हसली, पोरं हसली. मी उठून खळ्यात जाऊन बसलो. शेवटचा अर्धा तास मी त्या रात्री पाहिलाच नाही.

तर ऐका. फुगा बंद असतो, विमान बंद नसतं. आत हवा सतत भरली जाते आणि शेपटीकडच्या पोटाला असलेल्या झडपेतून ती सतत बाहेर सोडली जाते. म्हणजे प्रत्येक प्रवासी विमानाला भोक असतंच, आणि ते गोळीच्या भोकापेक्षा कितीतरी मोठं असतं. आमच्या वाडीत माडांना पाटाचं पाणी आहे. पाटाला कुर्लीने, म्हणजे खेकड्याने, बीळ पाडलं तर पाट फुटून जातो का? थोडं पाणी बिळातून जातं, बाकीचं शेवटच्या माडापर्यंत पोचतं, कारण वरून येतच असतं. विमानात तेच. बोटाएवढ्या भोकातून हवा गेली की ती झडप तेवढी मिटते आणि आतला दाब टिकतो. उंचावर आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या थोडा वर असतो. पत्रा बऱ्याच ठिकाणी दोन मिलिमीटरसुद्धा जाड नाही, पण आतून कड्या आणि पट्ट्या असतात, त्यामुळे एका भोकाची चीर सहसा लांब धावत नाही.

विमानाचं छप्पर उडतं ते दुर्लक्षाने. २८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं २४,००० फुटांवर पुढचं छप्पर साडेपाच मीटर लांब उडून गेलं. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली, ती सापडली नाही. बाकी सगळे वाचले, वैमानिकांनी तसलं उघडं विमान माउई बेटावर उतरवलं. ना गोळी, ना बॉम्ब. विमान १९ वर्षांचं, जवळजवळ ९०,००० उड्डाणं झालेली, आणि सगळी खाऱ्या वाऱ्यात. सांध्यात ओल शिरली, चिकटवलेला जोड सुटला, सगळा भार रिव्हेटवर आला आणि रिव्हेटच्या भोकांभोवती चिरा पडल्या. एका प्रवासी बाईने चढताना चीर पाहिलीही होती, पण बोलली नाही.

आमचं काम तेच पाहण्याचं होतं. रात्रपाळीत शिडीवर चढून टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवी मारायची. सरळ मारली तर काही दिसत नाही. आडवी मारली की सांध्यात गंज असेल तर दोन रिव्हेटच्या मध्ये पत्रा उशीसारखा फुगलेला दिसतो. सैल रिव्हेटच्या मागे काळी शेपटी उमटते, वाऱ्याच्या दिशेने. ॲल्युमिनियमचा गंज लाल नसतो, पांढरी भुकटी असते. या नटबोल्ट आवळण्यावर रोज शेकडो माणसं जिवंत घरी जातात. हे मला त्या रात्री बोलायचं होतं.

आता तुमचा उरलेला प्रश्न. खऱ्या चुका वेगळ्याच आहेत. राष्ट्राध्यक्षांनी बसून निसटायची ती कुपी खऱ्या विमानात नाही. मागून पॅराशूटने उड्या मारायचा रॅम्पही नाही. शेपटीखालचा उघडता येणारा जिना बोइंग ७२७ ला होता, आणि त्यावरूनच १९७१ मध्ये अमेरिकेत एक अपहरणकर्ता दोन लाख डॉलर घेऊन रात्री उडी मारून गेला, तो कोण होता हे आजवर कळलेलं नाही. राष्ट्राध्यक्षांचं विमान बोइंग ७४७, त्याला तसलं काही नाही. हवेत इंधन भरायची सोय मात्र खऱ्या विमानात आहे, ती थाप नव्हे. शूटिंगसाठी भाड्याचं ७४७ रंगवून घेतलं होतं. जर्मनीतला हवाई तळ म्हणून दाखवलाय तो ओहायोतला विमानतळ. रशियन तुरुंगही ओहायोतलाच, मॅन्सफील्डचा जुना. पार्श्वसंगीत आधी दुसऱ्याचं होतं, ते नाकारल्यावर जेरी गोल्डस्मिथने बारा दिवसांत नवं केलं. दिग्दर्शक वोल्फगांग पीटरसनने आधी पाणबुडीवर चित्रपट केला होता, म्हणूनच अरुंद बोळातली पळापळ इतकी जमलीय. शेवटी विमान समुद्रात पडतं तो संगणकाचा देखावा १९९७ सालीही कच्चाच होता.

एक सांगायचं राहिलं. गोळी निरुपद्रवी असते असं मी म्हणत नाही. ती माणसाला लागते, तारांना लागते. आणि अख्खी खिडकी गेली तर गोष्ट वेगळी. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत इंजिनाचा तुकडा लागून खिडकी फुटली, तिच्याशेजारची बाई अर्धी बाहेर ओढली गेली आणि दगावली. खिडकी म्हणजे झडपेला न झेपणारं भोक.

दादा आता ऐंशीच्या पुढे आहे. मागच्या पावसाळ्याआधी त्याच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या सरकेनात म्हणून त्याने बोलावलं. घर समुद्रापासून हाकेवर. खालच्या पट्टीतून मी स्क्रूड्रायव्हरने पांढरी भुकटी खरवडून त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याला छप्पर उडालेल्या विमानाची सगळी हकीगत सांगितली, २०१८ ची खिडकीसुद्धा. तो बराच वेळ भुकटी बोटाने चोळत होता. मग म्हणाला, “मगे आमच्या चिपी विमानतळाच्या इमानांका कोण बघता?”

मी सांगितलं, माझ्यासारखीच माणसं बघतात, रात्री, टॉर्च आडवी धरून.