समोरासमोर कळणारा उपरोध व्हॉट्सॲपवर का फसतो?

कारण उपरोधाचा निम्मा भार आवाजावर असतो. आवाजाच्या चढउताराने अर्थ पालटतो, त्याला संस्कृत काव्यशास्त्रात 'काकू' असा शब्दच आहे. तासभर उशिरा आलेल्याला 'वा, लवकर आलात!' म्हणताना 'लवकर' जरा लांबतं. लिहिल्यावर हे उरत नाही आणि वाचणाऱ्याला ती चक्क शाबासकी वाटते.

म्हणून दोघांनाही ठाऊक असलेली उलटी वस्तुस्थिती वाक्यातच घाला: 'लवकर आलात, आत्ताच पंगत उठली.' आता गैरसमजाला जागा नाही. मराठीत दुसरी सोय म्हणजे अचानक मान वाढवणं. रोज 'तू' म्हणणाऱ्याने 'आपण उठलात का?' लिहिलं की खूण पटते. पण सासरेबुवा किंवा साहेब, जिथे मुळातच अहो-जाहो चालतं, तिथे ही खूण निकामी होते.

रंगमंचावर खुणेचं काम प्रेक्षक करतात. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या समोरच्याला मान देत बोलतो, खरा अर्थ प्रेक्षकांच्या हशातून उघड होतो. कुटुंबाच्या ग्रुपवर तो हशा नसतो.

टोमणा वेगळा, तो सरळ शब्दांतही मारता येतो. उपरोधात शब्द आणि अर्थ एकमेकांच्या विरुद्ध हवेत. स्तुतीच्या आडून निंदा केली की व्याजस्तुती अलंकार होतो.

पाच-सहा वर्षांखालच्या मुलांशी मात्र उपरोध टाळाच. ती बहुधा शब्दशः अर्थ घेतात. 'सांड अजून दूध!' म्हणालात तर खरंच सांडतील.