बेस गिटारला ४५-१०५ च्या जागी ४०-९५ च्या (जाडी इंचाच्या हजारांशात, म्हणजे हलक्या) तारा लावल्यापासून पहिल्या चार-पाच फ्रेटवर (नेकवरच्या म्हणजे लांब दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खरखर येतेय. ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) उचलू का?

नाही, ब्रिज राहू द्या. आधी ट्रस रॉड (नेकच्या आत बसवलेला धातूचा दांडा) सैल करा. हलक्या तारांचा ताण कमी पडतो, त्यामुळे आतला रॉड नेकला मागे खेचून सरळ करतो आणि खालच्या फ्रेटवर तारेला थरथरायला जागाच उरत नाही. सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) वर घेतलेत तर खरखर थोडी दबेल, पण बाराव्या फ्रेटपुढे वाजवताना बोटं दुखतील. आधी बेस नेहमीच्या ट्यूनिंगला आणा आणि मांडीवर वाजवायच्या स्थितीत धरा (टेबलावर आडवी ठेवली की माप बदलतं). पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड ई तार नेक जिथे बॉडीला मिळते तिथे दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ०.३ ते ०.३५ मिमी हवी. कमी भरली तर रॉड डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट, एका वेळी फार तर पाव फेरा फिरवा, पुन्हा ट्यून करा, पुन्हा मोजा. लाकूड सावकाश बसतं, म्हणून दुसऱ्या दिवशीही एकदा बघा. रॉड फिरवायची ॲलन की (षटकोनी पाना) मात्र अगदी घट्ट बसणारीच घ्या. इंची स्क्रूत जवळपासच्या मापाची मिलिमीटरची की घातली की त्याच्या कडा झिजतात, आणि ती दुरुस्ती फार महागात जाते. हे सगळं अनेक फ्रेटवर खरखर असेल तरच लागू. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर हेडस्टॉकजवळच्या (खुंट्यांच्या टोकाजवळच्या) नटची, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या पट्टीची, खाच खोल झालीय, आणि एकाच जागी असेल तर पुढचा फ्रेट वर आलाय. तिथे रॉड फिरवून काही होणार नाही.